उद्यापनाची कुमारिका

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार जवळ आला, तशी सत्यशीलाबाईंना देवीच्या पूजेइतकीच पुतणीच्या पोटाची काळजी लागली. गोरेगावात त्या दिवशी घरोघरी उद्यापन. बाईचा दिवसभराचा उपास सुटायचा तो कुमारिका जेवून उठल्यावरच. गल्लीत पोरी कमी, देव्हारे जास्त. त्यात मोहिनी मुलखाची लाजरी; वाढलेलं मुकाट्यानं खाणारी. म्हणून सगळ्यांना तीच हवी. मागच्या वर्षी घरोघरच्या पुरणपोळ्या खाऊन पोरगी अंथरुणाला खिळली होती.

"यंदा तिला 'नको' म्हनाया शिकवायचं," सत्यशीलाबाईंनी ठरवलं.

तालीम सुरू झाली. त्यांच्या नवऱ्यानं, संपतरावांनी डोक्यावर पंचा घेतला, हातात पळी घेतली आणि ते शेजारीण झाले. "घे गं माय, एवढी एकच पोळी! देवीची आन हाय तुला."

मोहिनी मान खाली घालून काहीतरी पुटपुटली.

"आगं, मोठ्यानं! गोठ्यातल्या म्हशीनं कान टवकारले पायजेत," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "दोन्ही हात ताटावर धर. समोर कोनी का असंना, डोळ्यात बघून म्हन, मला नको."

शिकवताना त्यांना पुसेगावचं माहेर आठवायचं. परकराची नाडी सैल करत, आईच्या डोळ्यांचा धाक सांभाळत त्या दर उद्यापनाला जेवत. त्या काळी पोरींना फक्त "हूं" म्हणायची मुभा होती.

गुरुवार आला. संध्याकाळी सत्यशीलाबाईंची पोथी वाचून होईपर्यंत शेजारच्या रुक्माबाईंनी मोहिनीला उचलून नेलंसुद्धा. थोड्या वेळानं रुक्माबाई दारात हजर.

"बाई, तुमच्या पोरीनं एक पोळी खाल्ली आन हात आडवे धरले! माझ्या डोळ्यात बघून नको म्हनली."

सत्यशीलाबाईंनी मनातल्या मनात देवीला हात जोडले. तोवर मागून चांगुणाबाई आल्या. "माझा तर उंबराबी वलांडला न्हाई! 'पोट भरलं' म्हनली. आता मी कुमारिका कुठून आनू? सेनगावची जीप पकडू का?"

मागोमाग मोहिनी ताठ मानेनं घरी आली. सत्यशीलाबाईंनी पाट मांडला, तिचे पाय धुतले, ताट पुढे सरकवलं. मोहिनीनं दोन्ही हात ताटावर धरले.

"मला नको."

"आगं, मी काकू हाय! सकाळपासून उपास हाय माझा."

"तूच म्हनलीस ना, समोर कोनी का असंना?"

"लेकरू बराबर शिकलं," उपाशी संपतराव कोपऱ्यातून म्हणाले.

दिवेलागण होऊन गेली. पुरण गार होत चाललं. इतक्या वर्षांत न मोडलेलं व्रत पोरीच्या तळहातांखाली अडकलं होतं. सत्यशीलाबाई रागवायला गेल्या, पण रागवणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. त्या पाटासमोर बसल्या. "मग काय पायजे गं तुला?"

याची तालीम झालीच नव्हती. मोहिनी गोंधळली. "पापुद्रा," ती हळूच म्हणाली. "गरम भाकरीचा. वर तूप-गूळ."

तवा चढला. मोहिनीनं पापुद्रा खाल्ला, दुसरा मागून घेतला आणि समाधानानं ढेकर दिला. तिची ओटी भरली. उद्यापन पार पडलं. ते बघून चांगुणाबाई आपला तवा तापवायला घरी पळाल्या.

संपतरावांनी घाईनं दोन ताटं वाढून घेतली. पहिला घास उचलला, तोच मोहिनी काकूसमोर येऊन बसली.

"काकू, तुला काय पायजे?"

सत्यशीलाबाईंनी ताट बाजूला सारलं. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. माहेरच्या शेताचा बांध, काट्यांत अडकलेला परकर, तोंडातली आंबटगोड चव... त्या काहीतरी बोलल्या. पण इतक्या हळू, की ते फक्त मोहिनीलाच ऐकू आलं.

ती काकाकडे वळली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "काका, घास खाली ठेवा. काकूला बोरं पायजेत."