मोहितेकाकांचं ग्रीस

आमच्या घरात ग्रीस घरच्यासारखंच राहायचं. वडील कराडजवळ हायवेवरच्या ट्रक गॅरेजमध्ये हेल्पर. संध्याकाळी आले की आई दारातच त्यांच्या हातांवर भुसा आणि कपड्याची पावडर टाकायची, तरी नखांत काळं उरायचंच. एका खोलीत आम्ही पाच जण, एकच सतरंजी, आणि तिच्यावरही डाग. कॉलेजची पायरी चढलेली आमच्या घराण्यातली मी पहिली. हे मला कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. इंजिनिअर झाले, मेलबर्नला आले, वेरिबीत घर घेतलं आणि हॉलमध्ये मुद्दाम पांढरट कार्पेट टाकलं. ग्रीसशी आपला संबंध संपला, असं वाटलं.

मग कुंपणापलीकडे मोहितेकाका निघाले.

उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जाणार म्हटलं की आमची अख्खी गल्ली पडदे ओढून घेते. काका मात्र आदल्या दिवसापासून खुशीत. कुंपणावरून डोकं काढून सांगतात, "वैशाली, उद्या बेचाळीस. मजा आहे."

मजा अशी, की काका जुन्या लष्करी रायफलींचं ग्रीस काढतात. या रायफली गंजू नयेत म्हणून पूर्वी दाट तपकिरी ग्रीस फासून पेट्यांत भरून ठेवत. आता त्या विकायला निघतात, आणि काकांच्या नेमबाजी क्लबातले लोक हौसेने घेतात. इतक्या वर्षांत ते ग्रीस रायफलीच्या लाकडी दस्त्यात मेणासारखं मुरलेलं असतं. नळी वगैरे लोखंड ज्याचं त्याने आपल्या तिजोरीत ठेवायचं आणि लाकूड काकांकडे आणून द्यायचं, असा शिरस्ता आहे.

काका ते लाकूड वर्तमानपत्रात गुंडाळतात, कचऱ्याच्या काळ्या पिशवीत घालतात आणि अंगणात उन्हाला ठेवतात. मग टोपी घालून शेजारी खुर्चीत बसतात. दुपारी हवा थरथरायला लागते, निलगिरीचा वास जड होतो, एखादा मॅगपाय चोच उघडी टाकून सावलीत उभा असतो, आणि पिशवीतलं लाकूड हळूहळू घाम गाळतं. कागद भज्यांच्या पुडीसारखा तेलकट होतो. काका पापड पालटावा तसं लाकूड पालटतात, नवा कागद लावतात, आणि पुन्हा डोळे अर्धे मिटून बसतात. त्या वेळी ते वेरिबीत नसतात, एवढं मला कुंपणावरूनही कळतं.

कागदासाठी ते इंडियन ग्रोसरीतून फुकटच्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा उचलतात. दुकानदाराला वाटतं, काकांना वाचनाचं भारी वेड.

माझी मुलगी इरा एकदा नाक मुरडून म्हणाली, "काका, इट स्मेल्स लाइक ओल्ड क्रेयॉन्स."

"हे युरोपचं गं. आपलं असं नसतं," काका म्हणाले. ग्रीसमध्येही आपलं-परकं असतं, हे मला इंजिनिअरिंगला कुणी शिकवलं नव्हतं.

क्लबातला ग्रेग, रिटायर्ड प्लंबर, कायम घाईत. "टर्पेंटाइन ओत मेट, अर्ध्या तासात डन." त्यावर काकांचं ठरलेलं उत्तर, "घाई नको, तापू दे." हे ते मराठीतच म्हणतात. ग्रेगला आता ते पाठ झालंय. कुणी लवकर मागितलं की तोच सांगतो, "टापू डे, मेट."

यंदा ग्रेगने लिलावात एक भारतीय बनावटीची रायफल घेतली आणि तिचं लाकूड काकांना दिलं. त्यानंतर काय बिनसलं कळेना. एकामागून एक कडक उन्हाचे दिवस गेले. काकांचं अंगण रिकामं. ग्रेग येऊन विचारायचा, काका म्हणायचे, "अजून तापलं नाही." शेवटी तो माझ्याकडे आला. "ही इज नॉट सिक, इज ही?"

त्या दुपारी बर्फ मागायच्या निमित्ताने मी गेले. काका म्हणाले, "गॅरेजमधल्या फ्रीझरमधून घे," आणि लगेच, "थांब, मी देतो." तोवर मी झाकण उघडलं होतं. मटार आणि खोवलेल्या नारळाच्या पाकिटांवर, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लाकूड झोपलं होतं.

"काका, हे उन्हात ठेवायचं असतं ना?"

काका खुर्चीत बसले. म्हणाले, "सोडव कागद. सांभाळून."

नळी जिथे बसते त्या खाचेत, बाहेरून कुणाला दिसणार नाही अशा जागी, ग्रीसचा जाड थर होता. त्यात अंगठ्याचा ठसा होता. रेघ न् रेघ स्पष्ट.

"आमचे आबा पुण्याकडच्या लष्करी डेपोत होते," काका म्हणाले. "दिवसभर हेच काम. ग्रीस तापवायचं, हाताने फासायचं, पेटीत भरायचं. घरी आले की मी पळत जायचो, तर मला कोपराने लांब करायचे. म्हणायचे, बाळा, लांब, शाळेचा शर्ट खराब होईल. हात कधी लावलाच नाही. शर्ट मात्र शेवटपर्यंत पांढरा राहिला माझा."

भुशाने घासलेले दोन हात मलाही दिसत होते.

"तिथे शेकडो माणसं होती, वैशाली. हा आबांचाच असेल असं नाही."

"नसेलच असंही नाही," मी म्हणाले.

"तेच तर. उन्हात ठेवला की वितळणार. आणि वस्तू ग्रेगची आहे."

ग्रेगला मीच सांगितलं, त्याच्या अंगणात उभं राहून. त्याने ऐकून घेतलं, आत गेला, आणि दुसरं एक जुनं लाकूड घेऊन बाहेर आला. "स्पेअर आहे. याचंही ग्रीस काढायचंय. ते पहिलं त्याच्याकडेच राहू दे." मग जाता जाता म्हणाला, "टेल हिम, नो हरी."

मी निरोप दिला तेव्हा काकांनी लाकूड पुन्हा उघडलं. आपला अंगठा त्या ठशाच्या अगदी वर नेला आणि तिथेच धरून ठेवला. टेकवला नाही. हाताची ऊब लागेल म्हणून.

ग्रेगची रायफल दुसऱ्या लाकडावर तयार झाली आणि क्लबात गेली. पहिलं लाकूड काकांच्या फ्रीझरमध्ये आहे. अंगठा तसाच आहे.