शिंगाड्याची पाठ

सोफे शिवणाऱ्याने राक्षसाच्या आत शिरून दोरी ओढली. चेन बंद झाली आणि दोरी तुटून हातात आली.

त्याने बायकोला हाक मारली. ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली. बैठकीच्या खोलीत हिरव्या रेक्झिनचा राक्षस उभा होता. तीन शिंगं, जाड शेपूट, पाठीवर खवल्यांच्या रांगा. तिला तो नवा नव्हता. गेले कित्येक महिने तो तुकड्यातुकड्यांनी तिच्याच पलंगावर पसरलेला असे.

"दोरी तुटली," राक्षस म्हणाला.

"मग चेन कुठंय सांगा, उघडते."

"दादा बघेपर्यंत नाही."

लहानपणी दोघे भाऊ शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर बसून जपानी मालिका बघत. दर आठवड्याला समुद्रातून तेच अवाढव्य जनावर वर येई, शहर तुडवी, आणि पोलादी यंत्रमानव त्याला पुन्हा पाण्यात लोटी. धाकट्याचा जीव जनावरावर. त्याचं नाव त्याने शिंगाड्या ठेवलं होतं. एकदा शिंगाड्या पाठमोरा झाला तसा दादा म्हणाला, "पाठीवर चेन आहे बघ. आत माणूस आहे."

त्यानंतर धाकट्याला शिंगाड्या कधी दिसलाच नाही, चेनच दिसत राहिली. पुढे तो सोफ्यांच्या धंद्यात पडला आणि चेन लपवण्यात त्याने नाव काढलं. दादा मात्र पूल तपासण्याच्या खात्यात गेला, त्याच्या नजरेतून बारीकशी भेगही सुटत नसे. तो आज येणार होता. त्याने तपासावं आणि "चेन दिसत नाही" म्हणावं, एवढीच धाकट्याची इच्छा होती.

बेल वाजली. दादा नव्हता. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, बगलेत सोफ्याची उशी.

"मालक आहेत का?"

"आत आहेत," म्हणत बायकोने राक्षसाकडे बोट दाखवलं.

बाईंनी राक्षसाला शिंगापासून शेपटीपर्यंत न्याहाळलं. "उशी धुवायला काढलीय. हिची चेन कुठं लावलीय तुम्ही?"

"कडेच्या पट्टीखाली, डाव्या कोपऱ्यात."

बाईंनी चाचपून पाहिलं. सापडली. "हे आधी सांगायला काय होतं?"

"सांगत नाहीत ते," बायको म्हणाली.

बाई गेल्या आणि दादाचा फोन आला. वाटेतला पूल दुरुस्तीसाठी बंद होता, बस वळसा घालून येत होती. बायकोने पंखा राक्षसाच्या तोंडाशी आणला. शेपटीमुळे त्याला बसता येत नव्हतं, उभं राहवत नव्हतं. तो एका बाजूला झुकू लागला तशी तिने मोठी कात्री काढली.

"थोडा वेळ थांब."

"थांबले तर काय कापायचं ते डॉक्टर ठरवतील."

तेवढ्यात दादा दारात आला. त्याने कसली विचारपूस केली नाही. पिशवी खाली ठेवली, चष्मा लावला आणि राक्षसाभोवती सावकाश फेरी मारली. मानेखाली बोटं फिरवली. गुडघ्यावर बसून शेपटीचं मूळ पाहिलं.

"नाही," तो म्हणाला.

"काय नाही?"

"चेन. दिसत नाही."

झुकलेला राक्षस सरळ झाला.

"तेव्हाही दिसली नव्हती," चष्मा पुसत दादा म्हणाला.

"मग म्हणालास का?"

"तो वळायचा ना, तेव्हा वाटायचं आता आपल्याकडेच येणार. मला रात्री झोप लागायची नाही. आत माणूस आहे म्हटलं की जरा बरं वाटायचं. पण एकट्याने म्हणून भागेना, म्हणून तुला सांगितलं."

"दोघांचं झालं असेल," बायको म्हणाली, "तर चेन कुठंय ते सांगा."

"डाव्या काखेत, खवल्याखाली."

दादाने खवला उचलला. चेनच्या दातांत फोम असा रुतून बसला होता की ती तसूभरही हलेना. त्याने भावजयीसमोर हात केला. तिने कात्री दिली. मानेपासून शेपटीपर्यंत त्याने एकच सरळ काप घेतला.

सोफे शिवणारा घामाने निथळत बाहेर आला आणि जमिनीवर बसून उघड्या पाठीकडे बघत राहिला.

"आता इथं चेन लाव," दादा म्हणाला.

"पाठीवर?"

"पाठीवरच. जाड दातांची. लांबून दिसली पाहिजे."

"अरे, पण का?"

दादाचा एक हात कोपरापर्यंत राक्षसाच्या हातात गेला होता. आता तो दुसरा घालत होता.

"मला आत जायचंय," तो म्हणाला. "आणि बाहेरही यायचंय."