व्याह्यांची करवत

व्याह्यांकडून मागून आणलेली वस्तू मोडली, तर ती मोडली असं म्हणायची सोय नसते. रोह्याच्या विष्णुसरांनी पेणच्या अप्पांकडून, म्हणजे लेक हेमांगीच्या सासऱ्यांकडून, झाडं कापायची पेट्रोलवरची करवत आणली होती. परसातला वाळका आंबा निम्मा कापून झाला आणि करवत घरघर करून गप्प झाली. मेकॅनिककडे द्यावी, तर त्याची बहीण पेणला अप्पांच्याच आळीत दिलेली. बातमी करवतीच्या आधी पेणला पोचली असती, आणि हेमांगीला सासरी जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं.

सरांनी हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवलं होतं. बेअरिंग गेलंय हे त्यांनी नुसत्या आवाजावरून ओळखलं आणि नवीन मागवलंही. पण ते बसवायचं तर इंजिनाची पेटी मधोमध उकलायला हवी, आणि त्याचं खास हत्यार त्यांच्याकडे नव्हतं. झोपाळा मात्र होता. तो उतरवून त्यांनी त्याच्या लोखंडी पट्टीला भोकं पाडली आणि पलंगाचे बोल्ट काढून त्यात बसवले.

"आता झोपायचं कुठं?" बायकोने, वत्सलाबाईंनी विचारलं.

"खाली. पाठीला चांगलं असतं."

मधला बोल्ट पिळता पिळता टक्‌ असा आवाज झाला आणि पेटीची दोन शकलं सरांच्या मांडीवर पडली. लेकीच्या लग्नानंतर त्यांना एवढं मोकळं वाटलं नव्हतं.

राहिलं जोडायचं. थंडीने धातू आकसतो, उष्णतेने फुगतो. म्हणून मधला दांडा कागदात गुंडाळून फ्रीजरमध्ये गेला आणि पेटी वत्सलाबाईंच्या नानकटाईच्या ओव्हनमध्ये. घरभर जळक्या ऑईलचा दर्प सुटला. वत्सलाबाईंनी उदबत्त्या लावल्या. सर हाताचा वास घालवायला लिंबू चोळत बसले. तेवढ्यात फाटक वाजलं. अप्पा आणि विहीणबाई नूतनताई, न कळवता, आईस्क्रीम घेऊन दारात उभे होते.

"करवत कशी चालत्येय?" अप्पांनी चपला काढता काढता विचारलं.

"उत्तम," सर म्हणाले.

नूतनताई आईस्क्रीम ठेवायला फ्रीजकडे गेल्या. या बाईंच्या घरात अंड्याचा केक आला, तर तो ठेवलेलं टेबलसुद्धा धुतलं जाई. फ्रीजरमध्ये त्यांच्या हाताला एक पुडी लागली. मध्ये चपटी, दोन्ही टोकांना निमुळती, गार पडलेली. त्यांनी पुडीकडे पाहिलं, उदबत्त्यांकडे पाहिलं, मग सरांच्या हातातल्या लिंबाकडे पाहिलं.

"वत्सलाताई, आमच्या आईस्क्रीमला वास नाय ना लागणार?"

"कसला वास?"

"ते तुमचं तुम्हाला ठाऊक."

सरांच्या सगळं ध्यानात आलं. खरं सांगावं तर करवतीचं बिंग फुटतं, गप्प बसावं तर घराण्याची अब्रू जाते. अब्रू निदान आपली स्वतःची होती.

"पापलेट आहे," सर म्हणाले. "माझं. डॉक्टरांनी सांगितलंय. हिचा काही संबंध नाही."

नवरा इतक्या सफाईने खोटं बोलू शकतो हे वत्सलाबाईंना त्या दिवशी कळलं. त्यांना राग आला आणि थोडा अभिमानही वाटला. जेवताना नूतनताईंनी पाणीसुद्धा जपून घेतलं. आईस्क्रीम टेबलावरच वितळलं. जेवणं झाल्यावर डोकं दुखतंय म्हणून त्या आतल्या खोलीत जाऊन पडल्या. वत्सलाबाईही त्यांच्या पाठोपाठ समजूत काढायला गेल्या.

पडवीत दोघे व्याही उरले. अप्पा खुर्ची सरकवत जवळ आले.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"पापलेट हो." अप्पांचा आवाज अगदी खाली गेला. "मी श्रीवर्धनला नोकरीला होतो तेव्हा खायचो. लग्न झालं नि संपलं. अजूनही मासळीबाजारावरून जाताना मी उगाच हळू चालतो, सर. तेवढंच."



"एक तुकडी तळा. दोघी आत हायत, कळायचं नाय. तुम्ही तवा ठेवा, मी काढतो."

सर नको नको म्हणेपर्यंत अप्पा फ्रीजपाशी पोचलेही. त्यांनी पुडी हळुवार सोडली. आत मळका, तेलकट, गारठलेला लोखंडी दांडा होता. अप्पांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"हा मासा नाय."

"नाही."

"माझी करवत?"

"तिच्या पोटातला दांडा. बाकीची ओव्हनमध्ये आहे." सरांनी हात जोडले. "चुकलो मी. हेमांगीला मात्र काही बोलू नका."

"करवतीचं काय घेऊन बसलात," अप्पा दांडा पुन्हा कागदात गुंडाळत म्हणाले. "करवत दुसरी येईल. पण माणसाला एवढी आशा दाखवायची, सर, नि मग लोखंड द्यायचं?"

सरांना त्यांची मनापासून कीव आली. त्यांनी स्कूटरची किल्ली घेतली.

बाहेर पडताना अप्पांनी आतल्या खोलीच्या दारातून सांगितलं, "अगो, ते पापलेट नाय. करवतीचा दांडा हाय, माझ्या डोळ्यांनी बघितला. करवत बिघडल्येय, सरांनी भिडेपोटी सांगितलं नाय. जोडताना तिला रबरी सील लागतं, ते आणायला जातो."

नूतनताई तत्काळ उठून बसल्या. डोकं दुखायचं थांबलं होतं. त्यांनी वत्सलाबाईंची दोनदा माफी मागितली आणि चहाचं आधण स्वतः ठेवलं.

मासळीबाजारामागच्या खानावळीतल्या कोपऱ्यातल्या टेबलावरून दोघे व्याही उठले तेव्हा उन्हं उतरली होती. घरी पोचल्यावर नूतनताईंनी विचारलं, "मिळालं का हो सील?"

"एक मिळालं," अप्पा तृप्त चेहऱ्याने म्हणाले. "पण दोन लागतात. दुसऱ्यासाठी पुढच्या रविवारी यायला लागेल."