साडूंसारखाच ट्रस्ट

कलम १. मी माझ्या साडूंवर जळत नाही. त्यांनी गच्चीत झोपाळा टांगला, मी जळलो नाही. त्यांचं चष्म्याचं दुकान दुमजली झालं तेव्हा मला आठवडाभर ॲसिडिटी होती, पण ती वेगळी!

कलम २. पण.

एका रविवारी ते म्हणाले, "आम्ही घर ट्रस्टमध्ये टाकलं." म्हणजे हयात असेपर्यंत घर आपणच चालवायचं आणि नंतर ते कुणी सांभाळायचं हे आत्ताच लिहून ठेवायचं. पोरांना कोर्टाचे खेटे नकोत. माझ्या बायकोनं त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं तिनं माझ्याकडे लग्नातही पाहिलं नव्हतं. परत येताना ती म्हणाली, "काही माणसं पुढचा विचार करतात."

कलम ३. सोमवारी मी त्यांच्याच वकिलाकडे हजर! म्हटलं, साडूंचं आहे तस्संच करून द्या. वकिलांनी परवानगीसाठी साडूंना फोन लावला. साडूंनी ती आनंदानं दिली, याचाही मला राग आला. वकील म्हणाले, आतली माणसं कोण ते तरी बघून घ्या. मी म्हटलं, नावांची अदलाबदल करा, बाकी स्वल्पविरामसुद्धा हलवू नका.

कलम ४. मी छापखान्यात प्रुफं तपासतो. माझी पद्धत अशी की शेवटच्या ओळीपासून उलटं वाचत यायचं. अर्थ मध्ये कडमडला की चुका निसटतात. चौतीस पानं उलटी वाचली, अकरा चुका पकडल्या, सही ठोकली. घर ट्रस्टमध्ये गेलं.

कलम ५. मग साडूंच्याच घरी, दोघी बहिणींना समोर बसवून, मी फाइल उघडली आणि मोठ्यानं वाचू लागलो. या वेळी सरळ. "मी असमर्थ झाल्यास अथवा माझ्या पश्चात, घराचा सर्व कारभार माझे साडू

कलम ५ (पुढे चालू). पाहतील."

माझ्या घराचा! माझ्या मुलींच्या घराचा कारभार हे पाहणार!

"तुम्ही वकिलाला फितवलंत," मी म्हणालो. आणखीही बरंच म्हणालो. त्यात झोपाळा आला, दुकान आलं, मेहुणीच्या बांगड्याही आल्या.

साडूंनी आतून स्वतःची फाइल आणली आणि तेच पान माझ्यापुढे धरलं. तिथे, त्यांच्या घराचा कारभार पाहणारा म्हणून, माझं नाव होतं.

"वाचल्याशिवाय तुम्ही कशावर सही करत नाही," ते म्हणाले. "म्हणून तुम्हाला नेमलं होतं."

होतं.

कलम ६. दुरुस्ती. जिवंत असेपर्यंत असा ट्रस्ट हवा तेव्हा बदलता येतो. साडूंनी या वाचनाच्या दुसऱ्याच दिवशी बदलला. माझ्या जागी माझ्या बायकोला घेतलं. मीही माझा बदलायला निघालो होतो, पण ती म्हणाली, भाऊजीच राहू देत, मुलींची मला काळजी नको.

आता साडूंचा फोन येतो तो तिला. व्यवहाराचं बोलतात म्हणे. अर्धा अर्धा तास. मी जळत नाही. फक्त परवा तिला एवढंच विचारलं की व्यवहारात इतकं हसण्यासारखं काय असतं.

"तुम्हाला नाही कळायचं," ती म्हणाली आणि दार लोटून घेतलं.