पट्टा ज्याच्या मानेला

माणसाची मान ज्याची त्याची असते. अपघात झाला की ती दवाखान्याची होते. हे योग्यच आहे. मानेच्या मणक्यांतून जाणारी मज्जारज्जू नावाची दोरी एकदा दुखावली की पुन्हा विणता येत नाही. म्हणून अपघातातल्या माणसाची मान आधी जागच्या जागी धरावी, मग तपासावी आणि मगच सोडावी असा दंडक आहे. यातला पहिला भाग त्या मोठ्या दवाखान्यात इतका चोख पाळला जायचा की पुढच्या दोन भागांना सवडच मिळत नसे.

काका तिथे आले ते आडवे. निवृत्त मुख्याध्यापक, शिस्तीचे भोक्ते. वळणावर कुत्रं मध्ये आलं, स्कूटर कलंडली आणि काका-काकू दोघंही रस्त्यावर पडले. पडलेल्याने मदत येईपर्यंत हलू नये, हे काकांनी प्रथमोपचाराच्या तासाला जन्मभर शिकवलं होतं. ते हलले नाहीत. काकू त्या तासाला कधी बसल्या नव्हत्या. त्या उठल्या, चपला शोधल्या, स्कूटर कडेला लावली, कुत्र्याला चार शब्द सुनावले, रुग्णवाहिका बोलावली आणि ड्रायव्हरशेजारी बसून आल्या. वाटेत त्या एका हाताने स्वतःची मान धरून होत्या, पण ड्रायव्हरचं लक्ष रस्त्यावर होतं. (ते तिथेच असावं.)

अपघात विभागात माणसांची वर्गवारी दारातच होते. आडवा येईल तो पेशंट, चालत येईल तो नातेवाईक. या पद्धतीला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही आणि चूक झाली तरी ती कोणाच्या लक्षात येत नाही. त्यानुसार काकांच्या मानेला कडक पट्टा चढला आणि काकूंच्या हातात काकांचा चष्मा, घड्याळ, बूट व कवळी देण्यात आली.

शिकाऊ डॉक्टर मुलगी हुशार होती. मानेचा फोटो काढायचा की नाही, हे ठरवायचे पाच प्रश्न तिला तोंडपाठ होते. दारू घेतली आहे का? आज वार कोणता? मानेवर मधोमध दाबलं की दुखतं का? दुसरीकडे कुठे इतकं दुखतंय का, की मानेचं दुखणं कळू नये? काकांनी सगळी उत्तरं बिनचूक दिली. (वाराबरोबर तिथीही सांगितली, पण तिथीला गुण नव्हते.)

"हातापायांना मुंग्या येतात?" तिने शेवटचं विचारलं.

"येतात ना," काकू म्हणाल्या. "दोन्ही हातांना. मघापासून."

"काकू, पेशंटला बोलू द्या."

पेशंटला मुंग्या नव्हत्या. म्हणजे मान ठीक, फोटोची गरज नाही, पट्टा काढायला हरकत नाही. पण हरकत नसणं वेगळं आणि काढणं वेगळं. पट्टा कोणीही चढवू शकतो: वॉर्डबॉय, सिस्टर, रस्त्यावरचा एखादा उत्साही माणूस. काढणाऱ्याच्या मात्र ती मान कायमची गळ्यात पडते. म्हणून शिकाऊ डॉक्टरने मोठ्या डॉक्टरांना विचारलं, मोठ्यांनी हाडवाल्यांना, हाडवाल्यांनी मेंदूवाल्यांना, आणि मेंदूवाले म्हणाले, आधी स्कॅन तर करा. स्कॅन झाला. अहवालात लिहून आलं: 'हाडे निर्दोष. तरी प्रत्यक्ष तपासून ठरवावे.' प्रत्यक्ष तपासणारे स्कॅनची वाट पाहत होते. त्यांनी अहवाल वाचला आणि तो पुढच्यांकडे पाठवला. प्रत्येक वेळी कागद घेऊन जिने चढल्या त्या काकू. नातेवाईक असतात कशाला?

काकांना छताखेरीज काही दिसत नव्हतं. म्हणून ते ऐकत होते. आधी त्यांनी बूट पडल्याचं ऐकलं. मग घड्याळ. मग कवळी.

"अगं, हातातून सारखं पडतंय काय?"

"बोटांना कळतच नाही हो धरलंय की नाही," काकू म्हणाल्या. "आणि मान वळवली की वीज गेल्यासारखं होतं."

काका घाबरले, आणि घाबरल्याचं त्यांना लपवताही येईना. त्यांनी सिस्टरना हाक मारली. "हिला तपासा. ही माझ्या मागे बसली होती, हीपण पडलीय."

"केसपेपर काढावा लागेल," सिस्टर म्हणाल्या. "पेशंटला स्वतः काढता येत नाही, नातेवाईक लागतो. यांचे कोण आहेत बरोबर?"

"मी आहे की."

"तुम्ही पेशंट आहात, काका."

या उत्तरात खोट काढायला जागा नव्हती. काकांनी क्षणभर नियमाचं मनोमन कौतुक केलं. मग चार विभागांतल्या नामवंतांना जे जमलं नव्हतं ते केलं: चर्र करून पट्टा सोडला आणि उठून बसले.

"मान हलवू नकोस," ते काकूंना म्हणाले, आणि पट्टा त्यांच्या मानेला बांधला.

त्याबरोबर काकू दिसू लागल्या. वॉर्डबॉयने बाक ओढला, दोन सिस्टरनी त्यांना अलगद आडवं केलं, शिकाऊ डॉक्टर धावत आली. तेच पाच प्रश्न झाले. मुंग्यांच्या उत्तराला आता किंमत होती. स्कॅनमध्ये मानेच्या मणक्याला तडा निघाला. सुदैवाने हाड सरकलेलं नव्हतं. काकांना कोणी विचारलंसुद्धा नाही की तुमची मान कोणी मोकळी केली. त्यांना काकूंच्या चपला, बांगड्या आणि केसपेपरच्या खिडकीचा रस्ता देण्यात आला.

"वेळेवर आणलंत," मोठे डॉक्टर त्यांना म्हणाले.

पुढे काकू घरी आल्या. पट्टा महिनाभर काढायचा नाही, वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही. भेटायला माणसांची रीघ लागली. काका खुर्चीत बसून पट्टा कसा सोडला ते सांगत. दर वेळी चर्र आवाज थोडा मोठा होई. ऐकणारे हळहळत, "काका, केवढ्या प्रसंगातून गेलात," म्हणत. वाचकहो, आपणही येऊन गेलात. चहाचा ट्रे काकूंनीच आणला होता, मान ताठ ठेवून, कप नीट बघता येत नव्हते तरी. आपण कप घेतलात, आणि जिना उतरताना म्हणालात की साखर जरा कमी होती.