खंडेनवमीचं टेस्टिंग

देवदत्त आंघोळीला गेला तेवढ्यात मनुबाईंनी त्याच्या संगणकाची पूजा उरकून टाकली.

मनुबाई म्हणजे त्याची घरमालकीण. माधवनगरातल्या त्यांच्या पुढच्या खोलीत देवदत्तचं वर्कशॉप होतं. वर्कशॉप म्हणजे एक टेबल, त्यावर मुंबईहून आणलेला जुना संगणक आणि शेजारी त्यानं स्वतः बनवलेला पॉवर सप्लाय. दोघांच्या मध्ये एक वायर. कीबोर्डवरचा वरचा बाण दाबून धरला की देवदत्तचा प्रोग्रॅम त्या वायरीतून हुकूम सोडायचा आणि व्होल्टेज हळूहळू चढायचं. खालचा दाबला की उतरायचं. सत्त्याण्णव सालच्या सांगलीत हे कौतुक कुणाला पटवून देणं सोपं नव्हतं. सासऱ्यांनी तर स्पष्टच सांगितलं होतं, "दिवाळीपर्यंत एक तरी मशीन विकून दाखवा. नाहीतर आमच्या पेढीवर हळदीची पोती मोजायला या."

गिऱ्हाईक एकच गळाला लागलं होतं, पलूसचे भाऊसो. ते जीपचे हॉर्न बनवायचे आणि हॉर्न तपासायला त्यांना मशीन हवं होतं. खंडेनवमीला त्यांचा कारखाना बंद, म्हणून ते आजच येणार होते. आधी मशीन दाखवायचं आणि मग पूजा, असा देवदत्तचा बेत होता. भाऊसोंनी पाठवलेला हॉर्न जोडून, प्रोग्रॅम चालू करून तो निवांत आंघोळीला गेला होता.

डोकं पुसत तो बाहेर आला, तर संगणकाच्या पडद्याला झेंडूची माळ, पॉवर सप्लायला हळदकुंकू, आणि कीबोर्डवर, नेमका वरच्या बाणाच्या जागी, विड्याच्या पानांवर चांगला जाडजूड नारळ. हॉर्ननं बेडकासारखं डराव केलं.

"मावशी, तो नारळ उचला आधी."

"आसं काय बोलतोस रं? पूजल्यालं हत्यार हाय. सकाळी उत्तरपूजा झाल्याबिगर कुणी हात लावायचा न्हाई."

"अहो, व्होल्टेज चढतंय."

"चढू दे की. देवाच्या कृपेनं चढतंय."

एवढ्यात भाऊसो आले. चपला काढून त्यांनी संगणकाला नमस्कार केला. हॉर्न आता पुऱ्या ताकदीनं बोंबलत होता. गल्लीतली माणसं बाजूला होऊन जीपला वाट देत होती आणि जीप काही येत नव्हती.

"बारा व्होल्टला आवाज बरोबर हाय," भाऊसो कानात बोट घालून म्हणाले. "आता बंद करा."

"नारळ हलवता येत नाही."

"मग सप्लायचं बटन दाबा."

"त्येला कुकू लावलंय," मनुबाई म्हणाल्या.

"भितीवरचं?"

"त्येलाबी."

"मीटरापाशी मेन स्विच असंल की."

"त्येला तर माळ घातलीया. समद्यांचा बाप त्यो."

व्होल्टेज चढतच राहिलं. कुठं थांबायचं हे प्रोग्रॅमला सांगायचंच राहून गेलंय, हे देवदत्तला आता आठवलं. डोळ्यांपुढं हळदीची पोती उभी राहिली. मनातल्या मनात देवीची माफी मागून त्यानं नारळाकडं हात नेला, तोच भाऊसोंनी त्याचं मनगट पकडलं.

"किती झालं आता?"

"सोळा. भाऊसो, तुमचा हॉर्न जळेल."

"आवाज फाटलाय का?"

"नाही."

"मग हात लावू नका. खंडेनवमी हाय, धर्म मोडू नये माणसानं."

जत्रेत पोराची कुस्ती रंगात आल्यावर बापाचा चेहरा व्हावा, तसा भाऊसोंचा झाला होता. सतरा झाले, अठरा झाले. हॉर्न मागं हटेना. मग चरचर आवाज झाला, धूर निघाला आणि सगळं शांत झालं. मनुबाईंनी धुराला हात जोडले.

धूर पॉवर सप्लायमधून येत होता.

देवदत्त मटकन खुर्चीत बसला. त्याला खरंच रडू येत होतं. भाऊसोंनी हॉर्नभोवती एक फेरी मारली, हात न लावता वास घेतला आणि मान डोलावली.

"हॉर्न पास."

"आणि मशीन?" देवदत्तनं चाचरत विचारलं.

"नापास," भाऊसो म्हणाले. मग त्यांनी मायेनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "नाराज हुऊ नका. फुडचं मशीन केलंसा की पलूसला घिऊन या. आमच्याकडं हॉर्न लावून तपासून दिऊ."