दुमडलेला कोपरा

शरीररचनेच्या मॅडमनी वर्गाची सरळ फाळणी केली. उजवीकडच्या बाकांनी विषय संगणकावर शिकायचा, डावीकडच्यांनी जाड पुस्तकातून. महिन्याने चाचणी, आणि कोणती पद्धत सरस ते मॅडम जगाला सांगणार. पोरांचे उंदीर केले होते. फरक इतकाच, की उंदरांना फी भरावी लागत नाही.

जाड चष्म्याची म्हणून जिला सगळे ढापणी म्हणत, ती उजवीकडे बसली होती, एवढाच तिचा गुन्हा. संगणकावर हाताची शीर गोल गोल फिरायची, रंग बदलायची. ढापणीच्या डोक्यातही ती नुसती फिरायची, बसायची नाही. गेल्या वर्षी ती याच विषयात आपटली होती. यंदा वार्षिक परीक्षेत पुन्हा आपटली, तर डॉक्टरकी संपली.

"मावशी, तुझं पुस्तक दे ना गं," ती खोलीतल्या मैत्रिणीला म्हणाली. अख्ख्या वसतिगृहाला दटावून जेवायला घालते, म्हणून ती मावशी.

"ने बाई, ने. उचलून खांदा निखळलाय माझा. तुझ्या जागेवर मी बसते. एसी आहे ना तिथं?"

"आहे. माझं नाव टाकून आत जा. पण झोपू नकोस हं."

"झोपले तर संगणकाला कळतं होय?"

कळत नव्हतं.

चाचणीत संगणकवाल्यांत पहिली ढापणी. पुस्तकवाल्यांत शेवटची मावशी. मॅडमचा आनंद गगनात मावेना. त्यांनी ढापणीचा सत्कार ठेवला आणि त्यातच गरजल्या, "उद्यापासून ग्रंथालयातली पुस्तकं रद्दीत! ज्याच्या हातात पुस्तक दिसेल, त्याचे गुण कापीन!"

ढापणीची वार्षिक परीक्षा तर पुढेच होती.

"बोल बाळ, संगणकात काय आवडलं?" मॅडमनी माइक पुढे केला.

घाबरलेल्या माणसाच्या तोंडून नेमकं खरं निसटतं. "मॅडम... महत्त्वाच्या पानाचा कोपरा दुमडून ठेवता येतो."

सभागृहात मावशीचं घोरणं तेवढं ऐकू आलं.

मॅडमनी तिला आपल्या खोलीत नेलं. "मलाच शेंडी लावलीस?"

"सत्कार परत घ्या, मॅडम, पण पुस्तकं ठेवा. पडद्यावरचं डोक्यात शिरतच नाही हो माझ्या!"

"आता बोलतेस? अहवाल कालच वर गेलाय!" मॅडमनी कपाळावर हात मारला. मग दाराकडे एकदा बघून त्यांनी खालचा खण ओढला. आत तेच जाड पुस्तक. वर संगणकाच्या जाहिरातीचं कव्हर, आणि निम्म्या पानांचे कोपरे दुमडलेले.

"घे. कव्हर काढलंस तर याद राख. आणि दुपारच्या आत परत आण. पाहुणे यायचेत, त्यांना संगणकावरचा हात समजावून सांगायचाय."

"मग त्याला पुस्तक कशाला, मॅडम?"

"अगं, आधी मला नको समजायला?"